नरक्याचे झाले ते नागलकुड्याचे होऊ देऊ नका

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

महोदय,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. गावात कुणालाही झाडपाल्याबद्दल काही विचारायचे असले की माझ्याकडे पाठवतात. पूर्वी लोक मूळव्याधीचे, मुतखड्याचे औषध विचारायचे. अलीकडे वेगळाच प्रश्न येतो. ‘मॅडम, आफ्रिकेत कसली तरी मुळी आहे, एकदा घेतली की दारू सुटते म्हणे, गर्दसुद्धा सुटते. आपल्याकडे मिळेल का?’ विचारणारी बहुतेक वेळा आई असते, नाहीतर बायको. मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवलेला असतो.

ही मुळी म्हणजे इबोगा. ती आपल्याकडे होत नाही. पण तिच्या कुळातली, तिच्याच धाटणीची रसायने बनवणारी झाडे सह्याद्रीत आहेत, आणि त्यांतले एक, नागलकुडा, तर पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर फारसे कुठे आढळत नाही. कर्करोगावरच्या औषधासाठी आपल्या रानातले नरक्या हे झाड जसे ओरबाडले गेले तसे त्याचे होऊ नये, म्हणून हे पत्र आरोग्य खात्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

आधी त्या मुळीबद्दल. टॅबरनँथे इबोगा हे मध्य आफ्रिकेतल्या पर्जन्यवनांत, गॅबन, कॅमेरून, काँगो या भागांत वाढणारे झुडूप. गॅबनमधल्या मित्सोगो, फांग इत्यादी समाजांच्या ब्विती या धर्मपरंपरेत दीक्षेच्या वेळी त्याच्या मुळाची साल खातात. रात्रभर वाद्ये, गाणी, जाणत्यांची सोबत, आणि दीक्षा घेणारा पूर्वजांना भेटून येतो अशी श्रद्धा. व्यसनमुक्तीशी या विधीचा मुळात संबंध नव्हता. १९०१ मध्ये डिबोव्स्की आणि लँड्रिन या फ्रेंच संशोधकांनी त्या सालीतून इबोगेन हे अल्कलॉइड, म्हणजे झाडात बनणारे आणि शरीरावर परिणाम करणारे रसायन, वेगळे केले. पुढे फ्रान्समध्ये ‘लांबारेन’ नावाने अगदी अल्प मात्रेच्या गोळ्या थकव्यावर काही दशके विकल्याही गेल्या.

व्यसनाचा धागा जुळला तो १९६२ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या हॉवर्ड लॉटसॉफ नावाच्या १९ वर्षांच्या हेरॉइन घेणाऱ्या तरुणाने केवळ नशेसाठी म्हणून इबोगेन घेतले. दीड दिवसाने त्याच्या लक्षात आले की हेरॉइन न घेताही त्याला टर्की लागलेली नाही. अंगदुखी, उलट्या, जुलाब, घाम, बेचैनी, ज्याच्या भीतीने गर्द घेणारा माणूस पुन्हा पुडीकडे वळतो, ते काहीच नाही. लॉटसॉफने उरलेले आयुष्य या औषधाचा पाठपुरावा करण्यात घालवले. अमेरिकेने मात्र १९६७ मध्येच त्यावर बंदी घातली. मग उपचार सरकले मेक्सिकोत, आणखी कुठे कुठे, अनेकदा रुग्णालयाबाहेरच्या खोल्यांत.

शरीरात हे औषध काय करते ते थोडे विस्ताराने सांगते, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे. आयाहुआस्का या दक्षिण अमेरिकेतल्या काढ्यातले डीएमटी किंवा काही अळिंब्यांमधले सायलोसायबिन मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहीवर, म्हणजे ते रसायन जिथे जोडले जाते त्या प्रथिनावर, बसते आणि तिथून भास, बदललेली जाणीव सुरू होते. इबोगेनचा कारभार असा एका दारातून चालत नाही. ते ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाची एनएमडीए ग्राही अडवते. सेरोटोनिन पेशीत परत खेचणाऱ्या वाहक प्रथिनाला एका स्थितीत जखडून ठेवते. निकोटिनच्या ग्राहींपैकी अल्फा-३-बीटा-४ या प्रकाराला रोखते. हा प्रकार मेंदूच्या हॅबेन्युला नावाच्या छोट्या भागात दाट असतो आणि व्यसनाच्या ओढीशी त्या भागाचा जवळचा संबंध आहे. शिवाय उंदरांवरच्या प्रयोगांत इबोगेनमुळे मेंदूच्या बक्षीस-केंद्रात जीडीएनएफ हे चेतापेशींना जोपासणारे प्रथिन वाढलेले आणि प्राण्यांचे दारू पिणे घटलेले २००५ मध्ये दिसून आले.

पोटात गेलेले इबोगेन यकृतात सीवायपी-२-डी-६ या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती लागते आणि त्याचे नॉरइबोगेन होते. मूळ औषध तासांच्या हिशेबाने कमी होत जाते, नॉरइबोगेन मात्र कित्येक दिवस रक्तात रेंगाळते. एका मात्रेनंतर ओढ अनेक दिवस मंदावलेली राहते, तिचे एक कारण हेच मानले जाते. हे विकर सर्वांमध्ये सारख्या वेगाने काम करत नाही. काहींच्या जनुकांमुळे ते जवळपास निकामी असते. अशा माणसाला दिलेली तीच मात्रा त्याच्या शरीरात कितीतरी अधिक काळ आणि अधिक प्रमाणात राहते.

आणि मग हृदय. हृदयाच्या पेशीला प्रत्येक ठोक्यानंतर विद्युतभार पूर्ववत करण्यासाठी पोटॅशियम बाहेर सोडावे लागते. ते ज्या मार्गिकेतून जाते तिला हर्ग म्हणतात. इबोगेन ती मार्गिका अडवते, नॉरइबोगेनही अडवते. ईसीजीवर क्यूटी हे अंतर, म्हणजे ठोक्यानंतर पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबते आणि ते फार लांबले की हृदयाची लय अचानक बिघडून माणूस जाऊ शकतो. रोजची दारू, उपासमार, उलट्या यांमुळे ज्याच्या रक्तातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आधीच घसरलेले असते, किंवा जो अफूवर्गीय व्यसनावर देतात त्या मेथाडोनसारखे क्यूटी लांबवणारे दुसरे औषध घेत असतो, त्याला हा धोका सर्वांत जास्त. म्हणजे ज्याला या औषधाची गरज आहे, नेमका त्यालाच. १९९० ते २००८ या काळातल्या इबोगेनशी निगडित १९ मृत्यूंचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडमध्ये कायद्याच्या चौकटीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार घेणाऱ्यांचा वर्षभर पाठपुरावा करणारा अभ्यास २०१८ मध्ये आला. अफूवर्गीय पदार्थांची ओढ आणि नैराश्य दोन्ही बऱ्यापैकी घटलेली त्यात दिसली, पण त्याच अभ्यासात दाखल झालेल्या एका रुग्णाचा उपचारादरम्यान मृत्यूही झाला. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

मला विचारणाऱ्या प्रत्येक आईला मी हे सांगते. माझा मामेभाऊ दारूने गेला, त्यामुळे तिची घाई मला कळते. देशात दारूचे अवलंबित्व असलेल्या दर ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळतो आणि अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक आहेत, असे २०१९ चे केंद्र सरकारचे सर्वेक्षण सांगते. इतकी माणसे दाराबाहेर उभी असताना ‘एका रात्रीत सुटका’ हे शब्द कुणाच्याही काळजाला हात घालणारच. तिला मी हेही सांगते की टर्की टळणे ही सुरुवात झाली. पुढे मुक्तांगणसारखी केंद्रे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा, घरच्यांची साथ हे सगळे लागतेच. इबोगेनने सुटलेले अनेकजण काही महिन्यांनी परत पिऊ लागतात.

आता आपल्या झाडांकडे येते.

इबोगा ज्या कुळातला, त्या ॲपोसायनेसी कुळात आपली सदाफुली आहे, कण्हेर आहे, सातवीण आहे, चाफा आहे, कुडा आहे आणि तगर आहे. पान मोडले की चीक येतो ही यांची घरगुती ओळख. सदाफुली आणि इबोगा दोघेही एकाच कच्च्या मालापासून सुरुवात करतात. एका बाजूने ट्रिप्टामिन, दुसऱ्या बाजूने सेकोलोगॅनिन, आणि दोन्ही जुळून स्ट्रिक्टोसिडीन. इथून पुढे बरेच अंतर वाट एकच आहे. शेवटच्या टप्प्यावर रेणूची घडी पडते तेव्हा सदाफुलीचे विकर तिला एका बाजूने वळवते आणि कॅथरँथिन तयार होते, ज्याच्यापासून पुढे कर्करोगावरचे व्हिनब्लास्टिन बनते. इबोगाचे विकर तीच घडी उलट बाजूने घालते आणि कोरोनारिडीन बनते. डाव्या-उजव्या हातासारखे हे दोन सांगाडे. कोरोनारिडीनच्या वाटेवर काही पायऱ्या पुढे व्होअकँगिन आणि इबोगेन येतात. विकरांचा हा उलगडा गेल्या सात-आठ वर्षांतला आहे आणि वर्गात शिकवताना मला त्याचे अजूनही अप्रूप वाटते. झाडाला यातून व्यसनी माणूस बरा करायचा नसतो. पाने आणि साल खाणाऱ्या किड्यांना, जनावरांना दूर ठेवायचे असते. सदाफुली तर कॅथरँथिन थेट पानाच्या पृष्ठभागावर, मेणाच्या थरात नेऊन ठेवते.

कोरोनारिडीन हे नाव तगरीच्या जुन्या शास्त्रीय नावावरून आलेले आहे. अंगणातल्या, देवपूजेच्या पांढऱ्या तगरीत इबोगा गटाची अल्कलॉइडे आहेत. आणि तिचा जंगलातला सख्खा भाऊ म्हणजे नागलकुडा, टॅबरनिमोंटाना आल्टर्निफोलिया. कोकणात, घाटाच्या उतारांवर, देवरायांच्या कडेने तो दिसतो. चक्रासारखी पांढरी फुले, जोडीने लागणारी फुगीर वाकडी फळे, फळ उकलले की आत लालभडक गर. त्याचे पूर्वीचे शास्त्रीय नाव हेनियाना. हेनिॲनीन नावाचे इबोगा गटातले अल्कलॉइड याच झाडातून वेगळे झाले, तेही १९६० च्या दशकात, भारतीय रसायनशास्त्रज्ञांच्या हातून. कोरोनारिडीनही त्यात आहे. म्हणजे ही माहिती नवी नाही. बदलली आहे ती जगाची नजर.

कशी बदलली ते पाहा. १९९० च्या दशकात अमेरिकेत मार्टिन कुहेने आणि स्टॅनली ग्लिक यांनी कोरोनारिडीनच्या सांगाड्यावर १८-मेथॉक्सीकोरोनारिडीन नावाचा नवा रेणू घडवला. उंदरांचे मॉर्फिन, कोकेन, दारू, निकोटिन घेणे त्याने घटले आणि इबोगेनच्या मोठ्या मात्रेने उंदरांच्या अनुमस्तिष्कातल्या (लहान मेंदूतल्या) पेशींना जी इजा होते ती याने दिसली नाही. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या डेव्हिड ओल्सन यांच्या गटाने टॅबरनँथालॉग हा आणखी साधा, भास न घडवणारा, हृदयाला कमी धोक्याचा रेणू बनवला. २०२४ च्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मेंदूला मार बसलेल्या ३० माजी सैनिकांना मेक्सिकोत मॅग्नेशियमसोबत इबोगेन दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मॅग्नेशियम हृदयाच्या रक्षणासाठी. आणि जून २०२५ मध्ये टेक्सस राज्याने इबोगेनच्या चाचण्यांसाठी ५ कोटी डॉलरची तरतूद करणारा कायदा केला. एखादे सरकार एवढा पैसा मांडते तेव्हा कच्चा माल शोधणारे लोक निघालेलेच असतात.

कच्चा माल कुठून येतो हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. इबोगा सावकाश वाढतो आणि मुळाची साल काढायची तर झुडूप उपटावे लागते. बाहेरची मागणी वाढली तशी गॅबनच्या जंगलांतून चोरटी उपसणी सुरू झाली. ब्विती परंपरेच्या लोकांनाच त्यांची वनस्पती मिळणे अवघड होऊ लागले. गॅबनने २००० मध्ये इबोगाला राष्ट्रीय ठेवा घोषित केले आणि जनुकीय संसाधनांच्या न्याय्य लाभवाटपाचा नागोया करार झाल्यावर त्याला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांमध्येही गॅबन होता. उपसणी त्याने पूर्ण थांबली नाही. मग बाजाराने दुसरी वाट धरली. पश्चिम आफ्रिकेतल्या व्होअकांगा या झाडाच्या सालीतून व्होअकँगिन काढायचे आणि प्रयोगशाळेत त्याचे इबोगेन करायचे. टॅबरनिमोंटाना या नागलकुड्याच्याच गणातल्या अनेक जातींत व्होअकँगिन असते. मेक्सिकोतल्या त्या गणाच्या झाडांची या दृष्टीने तपासणी होऊनही गेली आहे. या यादीत सह्याद्री यायला वेळ लागणार नाही.

महोदय, आपल्याला हे सांगायला गॅबनचे उदाहरण लागूच नये, कारण आपण नरक्या पाहिला आहे. १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन या कर्करोगविरोधी रसायनाचा शोध लागला. तो लावणाऱ्या जोडीतले एक, मनसुख वाणी, हे आपल्या नंदुरबारचे. ते मूळ झाड चिनी होते. १९७२ मध्ये तेच रसायन आपल्या नरक्यात सापडले, पुढे त्यापासून कर्करोगावरची टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे निघाली, आणि कोल्हापूर, सिंधुदुर्ग, साताऱ्याच्या जंगलांतून नरक्याच्या गाड्या भरून जाऊ लागल्या. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडली, झाड ज्या गावच्या रानातले त्या गावाला काही नाही. बुंधा राखून तोडले तर नरक्याला पुन्हा फुटवा येतो. उपटून नेलेल्याला कुठून येणार? गुन्हे दाखल झाले, गाड्या पकडल्या गेल्या, पण ते सगळे नंतर. आधी नोंद नव्हती, लागवड नव्हती, गावाशी करार नव्हता. औषधाने जगभर जीव वाचवले याचा मला मनापासून आनंद आहे. त्यासाठी आंबोलीच्या आसपासचे रान असे ओरबाडले जायला हवे होते, हे मात्र मी कधीही मान्य करणार नाही.

नागलकुड्याच्या बाबतीत आपल्या हाती अजून ‘आधी’ आहे. जैवविविधता कायद्याने आपल्याला त्यासाठी साधने दिली आहेत. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. पण मी आमच्या भागातल्या ज्या नोंदवह्या पाहिल्या त्यांत बहुधा नुसते ‘कुडा’ लिहिलेले असते. तो कुठला कुडा? आमांशावर ज्याची साल देतात आणि ज्याच्या कोवळ्या शेंगांची भाजी होते तो होलर्रेना? काळा कुडा? की नागलकुडा? माझी पहिली विनंती हीच आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, कोल्हापूर आणि साताऱ्यातल्या समित्यांना नागलकुड्याची स्वतंत्र नोंद करायला सांगावे, फूल, फळ आणि सालीच्या छायाचित्रासह, आणि जवळच्या महाविद्यालयाकडून ओळख पक्की करून.

दुसरी मागणी जीवाची आहे. एकदा का ‘आपल्याकडच्या झाडातही ते आहे’ एवढेच अर्धे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरले की कुणीतरी नागलकुड्याची साल उकळून नवऱ्याला पाजेल. काढ्यात कुठले अल्कलॉइड किती उतरले ते कुणीच सांगू शकणार नाही आणि समोरच्या माणसाच्या रक्तातले पोटॅशियम आधीच घसरलेले असेल. तगरीचेही तेच. शिवाय आयुर्वेदात औषध म्हणून सांगितलेले तगर ही हिमालयातली पूर्णपणे निराळी वनस्पती आहे, त्यामुळे कुणी पोथी दाखवून अंगणातली तगर उपटू नये. गप्प राहिले तर धोका टळेल असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही, माहिती फिरायला सुरुवात झालेली आहे. मंडळाने आरोग्य खात्याला सोबत घेऊन स्वच्छ मराठीत सूचना काढावी की या दोन्ही झाडांचा कोणताही भाग व्यसनमुक्तीसाठी पोटात घेऊ नये, आणि का घेऊ नये. हृदयाचे कारण सांगितल्याशिवाय नुसत्या मनाईला कुणी जुमानत नाही, हे मी गावात राहून शिकले आहे.

तिसरे, मोजणी आपण करावी. पान, खोडाची साल, मूळ, फळ यांतल्या प्रत्येकात काय आणि किती, उन्हाळ्यात किती, पावसाळ्यानंतर किती, सिंधुदुर्गातल्या झाडात किती आणि महाबळेश्वरच्या उतारावर किती. पानांतून पुरेसे मिळत असेल तर मुळाला हात लावण्याचे कारणच उरत नाही, आणि हे एकदा छापून आले की मुळे उपटणाऱ्याला ‘दुसरा मार्ग नव्हता’ असे म्हणता येणार नाही. शिवाजी विद्यापीठ आहे, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. लागवडीची पद्धत बसवायला दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे. रोपवाटिकेत नागलकुडा बियांपासून तयार होतो का, किती दिवसांत, फांदी लावून जगतो का, हे तपासायला फार पैसाही लागत नाही. पदव्युत्तर वर्गातल्या मुलींना हे प्रकल्प देता येतील. त्यांना हवे असतात.

आणि लाभवाटप. परदेशी कंपनी आली तर तिला चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जावे लागते, देशी कंपनीला आपल्याकडे यावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने आयुष व्यावसायिकांना आणि संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाला सवलती दिल्या, तेव्हापासून अनेक समित्यांच्या सदस्यांना आपला हक्क नेमका किती उरला हेच कळेनासे झाले आहे. नागलकुड्यासाठी मंडळाने एक नमुना करार मराठीत तयार ठेवावा. मागणी आल्यावर ग्रामपंचायतीने कुणाकडे जायचे, किती टक्के मागायचे, कुठला भाग तोडू द्यायचा आणि कुठला नाही, हे त्यात असावे. केरळात कानी आदिवासींच्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून ‘जीवनी’ तयार झाले तेव्हा समाजाला वाटा देण्याचा प्रयत्न झाला. त्यात अडचणी आल्या, पण करार आधी असल्यामुळे निदान भांडायला जागा होती.

यातून महाराष्ट्रात व्यसनावरचे औषध निघेलच असा माझा दावा नाही. निघाले तर ते बहुधा झाडाच्या सालीच्या रूपात येणार नाही, प्रयोगशाळेत घडवलेल्या, हृदयाला न छळणाऱ्या एखाद्या रेणूच्या रूपात येईल आणि त्याला चाचण्यांची कित्येक वर्षे लागतील. तोवर झाड रानात उभे असले पाहिजे.

आमच्या विभागाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, रत्नागिरी जिल्ह्यातून गोळा केलेले नागलकुड्याचे नमुने जागेच्या आणि महिन्याच्या नोंदीसह जपून ठेवलेले आहेत. मंडळाने मागितले तर त्यांच्या प्रती आणि ओळखीसाठीची सचित्र पत्रके लगेच पाठवता येतील, आणि समित्यांच्या सदस्यांना झाड दाखवायला आमचे विद्यार्थी गावोगाव यायला तयार आहेत. आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका
जिल्हा रत्नागिरी